वावटळ गेल्याचा आवाज

सभागृहात पंखे होते, पण ते कुणी लावत नव्हतं. पहिल्या दिवशी भिंगरीला वाटलं, वीज गेली असेल. तिने भिंतीवरचं बटण दाबलं तसा पंखा कुरकुरत फिरायला लागला, पात्यांवरची धूळ बाकांवर झडली आणि तपासणीसाठी बसलेली सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. सिस्टर आल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

"उकडतंय हो, सिस्टर."

"उकडू दे. इथे पंखा लावत नाहीत."

"का?"

"ऐकू येत नाही." सिस्टरनी पदराने मान पुसली. "आधीच गावाचे कान गेलेत, त्यात वर ही घरघर कशाला?"

भिंगरी कान तपासायला आली होती. विज्ञानाची पदवी, त्यावर श्रवणशास्त्राचा अभ्यासक्रम आणि ही पहिलीच नोकरी. गावातली माणसं सतत थकलेली असतात, हाक मारली तर वळत नाहीत, अशी तक्रार आरोग्य खात्याकडे गेली होती. शिबिरांच्या यादीत गावाचं नाव दिसताच तिने हे शिबिर मागून घेतलं, कारण तिचा दादा इथे राहत होता आणि परत जाताना त्याला सोबत न्यायचंच, असं तिने ठरवलं होतं.

गाव तसं नीटनेटकं होतं. रस्ते सरळ, घरं एकसारखी. दोन-तीन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की इथे जुनं काहीच नाही. झाडंसुद्धा सगळी एकाच उंचीची. वावटळ येऊन गेली त्यानंतर सगळं एकदमच लावलं आणि बांधलं गेलं होतं. तेव्हा भिंगरी पाळण्यातलं बाळ होती. आई-बाबा घराखाली सापडले. पाळणा सापडला नाही. भिंगरी मात्र गावाबाहेरच्या माळावर मिळाली, दुपट्यात गुंडाळलेली, अंगावर ओरखडासुद्धा नाही आणि गाढ झोपलेली. नाव गावानेच ठेवलं. पुढे मावशीने तिला शहरात नेलं, आणि शाळकरी दादा काकांच्या काचेच्या दुकानात राहिला.

अशा मुलीने टोर्नेडोंबद्दल हाताला लागेल ते वाचावं यात नवल नव्हतं. एकाने तीन राज्यं ओलांडली होती. एकाने एका संध्याकाळी हजाराहून जास्त माणसं नेली होती. वाचलेली माणसं आवाजाचं वर्णन करत. कुणी म्हणे मालगाडी, कुणी म्हणे धबधबा. या गावच्या वावटळीबद्दल तसं फारसं कुठे छापून आलं नव्हतं.

आल्यापासून ती दादाकडेच राहत होती. दुकानाच्या मागे दोन खोल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचा आणि सगळीकडे काच बसवायच्या लांबीचा वास. दादाच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"काच कापताना बघायचं नसतं, ऐकायचं असतं," दादा म्हणाला. "चरा एकसारखा वाजला की समजायचं, सरळ तुटणार. आता वाजतो की नाही तेच कळत नाही. तुटते कुठेही."

"म्हणून म्हणते, कानाला यंत्र लावून घे आणि चल माझ्याबरोबर. इथे राहून करणार काय? बोटं मोजायची?"

"आहेत तोवर मोजतो."

दादाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तशी ती सगळ्या गावाच्याच डोळ्यांखाली होती. वाणी तराजू धरूनच पेंगायचा. न्हावी मशीन न वापरता कात्रीने केस कापायचा, आणि मधेच हात थांबवून उगाच उभा राहायचा. गावात गाढ झोप अशी कुणालाच लागत नव्हती. भिंगरीचं उलटं. ती पडल्या पडल्या मेल्यासारखी झोपायची. वसतिगृहात तिच्या खोलीत कुणी टिकलं नव्हतं. शेजारी झोप लागत नाही म्हणून मुली खोली बदलून घेत. आपण घोरतो की काय, म्हणून तिने एकदा रात्रभर आवाज टिपून ऐकला होता. साधा श्वास होता.

तपासणीची पेटी म्हणजे दुहेरी भिंतींचं, आतून स्पंज लावलेलं, एक माणूस मावेल एवढं कपाट. माणसाने आत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचा आणि हातातलं बटण धरायचं. बाहेर टेबलाशी बसून भिंगरी एकेक स्वर सोडणार. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, म्हणजे टेबलावर हिरवा दिवा लागणार. काही जण अंदाजाने दाबतात, म्हणून मधेमधे ती काहीच न वाजवता थांबायची.

गावकरी नेमके तेव्हाच बटण दाबायचे.

आधी तिला वाटलं, कान वाजत असतील. पण वाजणारा कान सतत वाजतो. इथे दिवा लागायचा, थोडा वेळ राहायचा आणि विझायचा. मग एकदा दिवा लागलेला असताना तिने सहज मान वर केली. बाकांवरची कुजबुज थांबली होती. बसलेल्या सगळ्यांनी डोळे मिटून तोंडं तिच्या कोपऱ्याकडे वळवली होती. दिवा विझला, तशी माणसं पुन्हा बोलायला लागली, जणू काही झालंच नाही.

पुढच्या माणसाच्या वेळीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही.

तिने शांतपणे विचार केला. तिचं टेबल नैऋत्य कोपऱ्यात होतं, आणि वावटळ नैऋत्येकडूनच आली होती. म्हणजे ही अंगात मुरलेली सवय. एकाने मान वळवली की बाकीचे वळवतात. हे ठीक होतं. पण पेटीतल्या माणसाला बाहेरचं ना दिसत होतं ना ऐकू येत होतं, त्याला कसं कळत होतं? जमिनीतून काही थरथर येत असेल, म्हणून तिने शेजारच्या विहिरीवरचा पंप बंद करायला लावला. काही फरक पडला नाही.

"सिस्टर, हे काय ऐकतात सगळे?"

सिस्टर कापूस गुंडाळत होत्या. "तुम्ही शिकलेल्या. हसाल."

"नाही हसणार."

"वावटळ आली ते सगळ्यांनी ऐकलं. डोक्यावर आली तेही. गेली ते कुणी ऐकलंच नाही बघा. आवाज लांब लांब जातो ना? तसा गेलाच नाही. एकदम शांत झालं." त्यांनी कापसाचा बोळा डब्यात टाकला. "म्हणून ऐकत असतो. गेली की कळेल."

भिंगरी हसली नाही. टोर्नेडो जागच्या जागी विरून जाऊ शकतो, हे तिला माहीत होतं. तसं ती म्हणालीही. सिस्टरनी मान डोलावली, पोरांचं बोलणं ऐकून डोलवावी तशी.

शेवटच्या दिवशी दुपारी दादा आला. डावा कान बराच गेला होता. उजवा ठार बहिरा. उजव्या कानात तिने यंत्राची होती नव्हती तेवढी ताकद लावली तरी दिवा लागला नाही. तिने आवाज बंद केला, आणि दिवा लागला.

"दादा, त्या कानाने तुला काहीच ऐकू येत नाही," तो बाहेर आल्यावर त्याच्या डाव्या कानाशी वाकून ती म्हणाली.

"तेवढंच ऐकू येतं."

"मी आज निघणार आहे. तू येणार आहेस की नाही ते सांग."

दादा खुर्चीत बसला. त्याने अंगच टाकलं. "भिंगरे, दमलोय गं मी. मलाही यायचंय. पण इथून उठलो आणि वावटळ तेव्हाच गेली तर? एवढी वर्षं जागलो ती फुकट. ती गेली एवढं कुणीतरी मला खात्रीने सांग, मी आत्ता बॅग भरतो."

"मी सांगितलं तर?"

त्याने तिच्याकडे बघितलं. "तू खोटं बोलत नाहीस," तो म्हणाला. "तू सांग."

गावात याहून शांत जागा दुसरी नव्हती. तिने दादाला टेबलाशी बसवलं. "काही वाजवायचं नाही. नुसतं बघायचं. दिवा लागला तर मला ऐकू आलं असं समज. नाही लागला तर ती गेली. कबूल?"

"कबूल."

ती पेटीत बसली आणि दार ओढून घेतलं. हेडफोन लावला, बटण हातात घेतलं, डोळे मिटले. कॉलरचा कानाशी घासणारा आवाज आला, मग स्वतःच्या रक्ताचा. मग तोही मागे पडला. ती मनापासून ऐकत राहिली. कुठे गडगड नव्हती, कुठे शिट्टी नव्हती. इतकं स्वच्छ काहीच नसणं तिने कधी अनुभवलं नव्हतं. बरं वाटलं. क्षणभर डोळाही लागला असावा.

हसतच ती बाहेर आली.

"काही नाही, दादा. एकदाही दाबलं नाही बटण. भर बॅग."

दादा टेबलावरच्या दिव्याकडे बघत होता. आता तो विझलेला होता.

"लागला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"तू दार लावलंस तेव्हापासून."

"मधे विझला असेल."

"नाही."

तिने उजवा हात बघितला. अंगठ्याच्या पेरावर बटणाचा गोल ठसा उमटला होता. खोल, पांढरा. बराच वेळ दाबून धरल्याशिवाय उमटणार नाही असा.

बाकांवरच्या माणसांनी डोळे मिटले होते. तोंडं तिच्या कोपऱ्याकडे होती.

नैऋत्येकडे, तिने मनाशी म्हटलं.

तिची पिशवी समोरच्या दाराशी होती, ईशान्येला. ती आणायला ती चालू लागली.

मिटल्या डोळ्यांची तोंडं वळली.

ती थांबली. तोंडं थांबली.

ती दोन पावलं मागे आली. सगळ्या माना तिच्याबरोबर मागे आल्या, सावकाश, न चुकता. सिस्टरची मानही. हातातला कापूस तसाच.

"दादा," ती म्हणाली.

दादाने डोळे मिटले होते. उजवा कान तिच्याकडे केला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा शीण तिने आयुष्यात पहिल्यांदा थोडा उतरलेला बघितला.

"मी बॅग भरतो," तो म्हणाला.

"म्हणजे येतोस?"

"यावंच लागेल. तुला एकटीला कशी पाठवू?"

सामान गाडीत चढेपर्यंत उन्हं कलली. गाव दारादारांत येऊन उभं होतं. कुणी हात हलवला नाही, जपून जा म्हटलं नाही. सिस्टर तेवढ्या गाडीच्या काचेशी आल्या आणि अजिजीने म्हणाल्या, "सावकाश चालवा हं. नीट ऐकू येऊ दे."

भिंगरीने गाडी सावकाश चालवली. दुकान मागे पडलं, मग न्हाव्याचं, मग वाण्याचं. शेवटच्या घरांपाशी तिने आरशात पाहिलं. मागे माणसं एकेक करून डोळे उघडत होती. कुणी पायरीवरच मटकन बसलं. वाणी आत गेला. त्याच्या उघड्या दारातून छताचा पंखा दिसत होता. तो हलला, धूळ झडली आणि फिरायला लागला. पलीकडे न्हाव्याचा. मग त्याच्या पलीकडच्या घरातला.

माळ आला. काच बंद होती आणि गाडीतला गार वारा चालू होता. दादाने पट्टी बांधलेला हात पुढे करून तो बंद केला.

"उकडेल, दादा."

"उकडू दे," दादा म्हणाला आणि डोळे मिटून त्याने उजवा कान तिच्याकडे केला.