मागच्या डब्यातली बाई

ला पासमध्ये पाहुण्यांना शहर दाखवायचं काम मी एकोणीस वर्षं करते आहे. बहुतेक जण पहिल्या दिवशी डोकं धरून बसतात, कोकाच्या पानांचा चहा पितात आणि इतक्या उंचावर हवाच नाही म्हणून कुरकुरतात. दोन्या ओर्फा, म्हणजे ओर्फाबाई, तशा नव्हत्या. म्हणून तर त्यांच्याबद्दल बोलायला अजून जड जातं.

त्या खालच्या बेनी मुलखातल्या, नदीकाठच्या. वय बहात्तर. गुरं वाहून नेणाऱ्या बोटीवर स्वयंपाक करण्यात सगळा जन्म गेला. बोटीच्या टपापेक्षा उंच कुठं त्या चढल्याच नव्हत्या. मरायच्या आधी बर्फाचा डोंगर बघायचा, एवढी एकच हौस. मुलगी नार्दी शाळेत शिकवते. तिनं एका दिवसाची सवड काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं.

सकाळी मी दोघींना किल्लीकिल्ली टेकडीवरच्या कठड्यापाशी नेलं. ऊन नुकतंच खाली उतरत होतं. पातेल्याच्या आत दाणे चिकटावेत तशी चारी उतारांवर विटांची घरं, तळाशी उंच इमारती, आणि या सगळ्यांच्या शेवटी, एकटा, पांढरा इल्लीमानी डोंगर. दोन्या ओर्फांनी डोक्यावरची ताडाची टोपी काढून छातीशी धरली.

"हा रोज इथंच असतो?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून कामाला जाता?"

मी हसले. मला तरी कधी असं वाटलं होतं?

"आणि ही एवढी घरं वर कुणी चढवली गं पोरी?"

"माणसांनीच. विटा पाठीवर वाहून."

"मग त्या पाठींना माझा नमस्कार सांग," त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, ओठ किंचित निळसर झाले होते, पण तोंड बंद नव्हतं. "तुम्ही डोंगरातली माणसं कमी का बोलता ते आत्ता कळलं. श्वास जपून वापरता."

"आई, जरा बस," नार्दी म्हणाली.

"बसायला बोट आहे की घरी."

एकोणीस वर्षांत माझं शहर इतक्या डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. सान फ्रान्सिस्को नावाच्या जुन्या चर्चच्या दगडी वेलबुट्टीवरून त्यांनी बोटं फिरवली. बाजारात जांभळ्या मक्याची गरम आपी पिताना जांभळ्या मिशा उमटल्या तर त्या तशाच मिरवल्या. त्यांच्यामागून चालताना मला माझ्याच गावाचा नव्यानं अभिमान वाटत होता.

दुपारी आम्ही लाल मार्गाच्या केबल कारशी आलो. खालून वर पठारावरच्या एल आल्तो शहरापर्यंत जाणारी ती. तिचे डबे पुरते थांबत नाहीत. फलाटाशी हळू होतात, तेवढ्यात चढायचं. बाहेर रस्त्यावर कुठलासा मोर्चा चालला होता. दोन्या ओर्फांचा एक पाय आत, एक फलाटावर, आणि नेमका तेव्हा मोर्चातला मोठा फटाका फुटला. भिंती हादरल्या. त्या जागच्या जागी ताठ झाल्या. नार्दीनं दंडाला धरून त्यांना आत ओढलं, दार मिटलं, डबा सुटला.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

डबा वर चढू लागला. छपरं, वाळत घातलेले कपडे, मग मोठी दफनभूमी. भिंतीत ओळीनं कोनाडे, प्रत्येकाला काचेचं दार, आत फुलं. इथं प्रत्येक पाहुणा काहीतरी बोलतो. दोन्या ओर्फा समोर बघत होत्या, समोर नुसती डब्याची काच होती. मी सहज मागं वळले.

मागच्या डब्यात एकच बाई होती. ताडाची टोपी छातीशी धरलेली, दुसरा तळहात काचेला टेकवलेला. तोंड अर्धवट उघडं. खालचं शहर ती असं बघत होती, जसं सकाळी...

माझ्या शेजारी दोन्या ओर्फांची टोपी त्यांच्या मांडीवर होती.

तशा टोप्या खूप जण घालतात, असं मी स्वतःला सांगितलं. वर उतरल्यावर बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून थांबले. मागचा डबा आला. दार उघडलं. आत कुणी नव्हतं.

त्यानंतर दोन्या ओर्फांना धाप लागली नाही. एल आल्तोच्या चढावर त्या माझ्या बरोबरीनं चालल्या. शेंगदाण्याचं सूप पुढं ठेवलं, ते प्यायल्या. "आवडलं?" तर "हो." "दमलात?" तर "नाही." इल्लीमानी समोर होता, त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

"उंचीमुळे असेल," नार्दी म्हणाली. औषधांच्या दुकानात त्यांचा रक्तदाब नि प्राणवायू तपासला. सगळं उत्तम होतं. इतकं उत्तम, की दुकानदार म्हणाला, "मावशी इथल्याच का?"

परत उतरताना मी दोराच्या दुसऱ्या बाजूकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. वर जाणारे डबे एकेक करत आमच्या शेजारून सरकत होते. एकात ती होती, एकटी. तिनं मला ओळखलं. डोंगराकडे बोट दाखवून ती हसली, मला तो दाखवत असल्यासारखी.

आम्हा आयमारा लोकांत जीवाला अहायु म्हणतात. माणूस फार दचकलं तर अहायु जागीच राहतो आणि माणूस पुढं चालत जातं. वेळेत हाक मारून परत आणला नाही, तर माणूस हळूहळू वाळत जातं. माझी आई ही हाक मारायची. गल्लीतल्या कितीतरी लेकरांना तिनं परत आणलं होतं. मी तिच्याजवळ बसून शिकले होते, पण एकटीनं कधी केलं नव्हतं.

हॉटेलच्या जिन्यात मी नार्दीला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"दोन्या बासिलिया, मी विज्ञान शिकवते."

"मला माहितीय."

"पण दुपारपासून आईनं मला नावानं हाक मारलेली नाही." तिनं आईची टोपी माझ्या हातात दिली. "उद्या सकाळी आम्ही जाणार. काय करायचं ते आज करा."

सूर्य मावळायला आला होता. फलाटावर गर्दी, तिथं हाक मारायची मला लाज वाटली. हो, लाजच. म्हणून मी दफनभूमीच्या भिंतीलगतच्या गल्लीत गेले. तिथं डबे थेट डोक्यावरून जातात. कोमेजलेल्या फुलांचा, साचलेल्या पाण्याचा वास येत होता. मी टोपी उलटी धरली, तीत चिमूटभर साखर टाकली आणि वर बघत हळूच म्हटलं, "हुतम... ओर्फा, हुतम..." ये, ओर्फा, ये.

डबे जात राहिले. दिवे लागले. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा गार वारा आला आणि हातातली टोपी जड झाली. भरल्या भांड्यासारखी.

वारा वरून आला नव्हता, पाठीमागून आला होता. भिंतीकडून. पण हाक मारल्यावर मागं वळून बघायचं नसतं, ही आईची शिकवण. मी टोपी पोटाशी धरली आणि नाव पुटपुटत सरळ हॉटेलवर चालत आले.

दोन्या ओर्फांच्या डोक्यावर ती ठेवली तशी त्यांनी खोल श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मुलीचा हात धरून म्हणाल्या, "भूक लागलीय गं." नार्दी माझ्या गळ्यात पडून रडली. त्या रात्री मला शांत झोप लागली. आई असती तर तिनं पाठ थोपटली असती, असं वाटत होतं.

सकाळी मी त्यांना वर एल आल्तोच्या विमानतळावर सोडायला गेले. आभाळ निरभ्र होतं, डोंगरांची सगळी रांग दिसत होती. नार्दी सामान द्यायला रांगेत गेली. दोन्या ओर्फा माझ्याशेजारी काचेशी उभ्या राहून बाहेर बघत होत्या. आज पुन्हा मन लावून बघत होत्या, म्हणून मला बरं वाटलं.

मग त्या माझ्याकडे झुकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "चाकलतायावरचं बर्फ कुठं गेलं गं?"

चाकलताया डोंगर त्यांना कुणी दाखवला नव्हता. आणि प्रश्न आयमारात होता. नदीकाठी कुणी बोलत नाही त्या भाषेत, माझ्या आजीच्या जुन्या वळणाच्या आयमारात.

माझ्या तोंडून सवयीनं उत्तर गेलं. "वितळलं, आजी. पंधरा-वीस वर्षं झाली. सगळं गेलं."

"अस्सं," ती म्हणाली. काही वेळ त्या उघड्या काळ्या डोंगराकडे बघत राहिली. "मग बरेच दिवस झाले म्हणायचे मला त्या भिंतीत."

पलीकडून नार्दीनं "आई, चल" म्हणून हाक मारली. माझ्या शेजारच्या बाईनं टोपी नीट केली आणि ती हसत नार्दीकडे गेली.