झोपाळ्यावर मोठ्यांनी बसू नये

कंदील बारीक करा रे. आणि फिदीफिदी हसायचं नाही. दयारामला आम्ही रोज बघत होतो, ही ऐकीव थाप नव्हे.

सत्तावन्न साल, मे महिन्यातला दुसरा गुरुवार. दयाराम पनवेलच्या तळ्याकाठच्या बागेत राखणदार. बाग म्हणजे तेव्हा सगळ्या गावाची ओसरी. म्हातारे रेडिओवरच्या बातम्या ऐकायला यायचे, मासळी विकून दमलेल्या कोळणी हिरवळीवर पाय पसरायच्या, अर्ध्या सोयरिकी तिथेच जुळायच्या. रात्री नऊला घंटा वाजवून फाटकाला कुलूप घालायला तो त्या दिवशीही गेला.

सकाळीच त्याच्या बायकोचं, चंद्रावतीचं, दहावं झालं होतं. गाढी नदीच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. धाकटा भाऊ काशिराम हात जोडून म्हणाला, "वयनी, दादाला आमी सांभाळू." नाही. "तुझी म्हस इकणार नाय." तरी नाही. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. दयारामच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्याला काही वाटतच नव्हतं. जेवलो की नाही, तेही आठवत नव्हतं.

घंटा झाली. बाग रिकामी झाली. कुलूप घालताना मागे कड्या कुरकुरल्या.

मुलांचा झोपाळा हलत होता. वारा म्हणावा, तर पिंपळाचं पान हलत नव्हतं.

"कोण हाय?"

...

मग त्याला आठवलं. चंद्रावती डबा घेऊन यायची, तेव्हा झोपाळ्यापाशी रेंगाळायची. एकदा म्हणाली होती, "एक डाव बसू का ओ?" त्याने पाटी दाखवली. बारा वर्षांवरील माणसांनी बसू नये. "राखणदाराचीच बायको बसली, तर लोक काय बोलतील?" अकराव्या वर्षी लग्न झालेली बाई ती. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

सकाळी नदीवर तिची ही इच्छा एकालाच ठाऊक होती, आणि तोच विसरला होता.

तो झोपाळ्यामागे गेला. फळी रिकामी. हात पुढे केला...

पाठ लागली. गार.

"बस," तो म्हणाला. "आता कोण नाय."

ढकललं. परत आली. ढकललं...

पहाटेची पहिली एस.टी. निघाली, तेव्हा हाताला नुसती हवा लागली. तेव्हा कुठे तो रडला, हमसून हमसून.

तेव्हापासून त्याचे तळहात, बोटं, सगळं बधिर. डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या, रोग काही नाही म्हणाले. तो आमच्यात बसून विडी ओढायचा. विडी जळत बोटांपर्यंत यायची, करपल्याचा वास आम्हाला यायचा, आणि तो आपला शांतपणे बोलत राहायचा.