तेलाच्या डागाची साक्ष

"सोमवारच्या आत काहीतरी करायलाच हवं," असं म्हणून ठिपकीनं वहीच्या पानावर भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

ती सुट्टीला आत्याकडे येऊन चारच दिवस झाले होते. आत्या कापडाच्या गिरणीत तपासनीस होती. विणून आलेलं कापड तिच्या टेबलावरून सरकत जायचं आणि त्यातला तुटलेला धागा, गाठ, डाग ती बरोबर हेरायची. तेही तब्बल बावीस वर्षं! पण गेल्या तीन आठवड्यांत खराब कापडाचे सात तागे तिच्या नजरेतून सुटले होते. सुपरवायझरांनी सांगूनच टाकलं, की आता वय झालं, नजर गेली; सोमवारपासून तिनं घड्या घालायच्या खात्यात बसावं.

गंमत म्हणजे, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिचे डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. तरी काल दुपारी आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाठमोरी उभी राहून सुईत दोरा ओवत होती, काढत होती, पुन्हा ओवत होती. एकदाही चुकली नाही, पण चेहरा उतरलेलाच. 

"तीन आठवड्यांपूर्वी गिरणीत नवीन काय झालं?" भिंगनं विचारलं. भिंग म्हणजे शेजारची मुलगी. जाड चष्मा आणि त्याहून जाड पुस्तकं, म्हणून हे नाव.

"हॉलला रंग दिला," आत्याचा मुलगा इंजिन म्हणाला. त्याचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नसे. "पांढराशुभ्र. भिंतींवर उजेड टाकणारे नवे दिवेही लावले. आईच्या टेबलावरचा दिवा तेवढा जुनाच आहे. म्हणजे उजेड वाढला की कमी झाला? वाढला. मग आईला जास्त दिसायला हवं की कमी?"

कोडं खरंच विचित्र होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याचा डबा पोचवायच्या निमित्तानं तिघं गिरणीत गेली. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली होती, दिवे मात्र चालूच होते. आत्याचा, नव्यानं रंगवलेला हॉल लख्ख होता. शेजारच्या जुन्या हॉलला अजून रंग लागायचा होता. भिंती धुरकट, कोपरे काळोखे. तिथंही तसंच तपासणीचं टेबल आणि वर तसाच टोपीचा दिवा. ठिपकीनं दोन्हीकडे पाहिलं आणि तिचा धीर सुटला. कोणीही सांगितलं असतं, की नवा हॉलच जास्त उजेडाचा.

"डोळ्यांवर जाऊ नकोस," भिंग म्हणाली. "आमच्या बाई आकाश दाखवताना सांगतात, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा आणि चांगला ठळक तारा यांच्या उजेडात शंभर पट फरक असतो. आपल्याला तो पाच-सहा पायऱ्यांचाच वाटतो. त्यात लख्ख भिंती समोर असल्या की बाहुली आणखी बारीक होते. डोळा फसतो. आपण मोजू या."

मोजायचं कशानं? उत्तर भिंगकडे होतं. पांढऱ्या कागदाच्या मधोमध तेलाचा एक थेंब! कागदाच्या एका बाजूला जास्त उजेड असला, की तेलाचा डाग उठून दिसतो. दोन्हीकडून सारखाच उजेड पडला, की डाग नाहीसा होतो.

पुढच्या दिवशी डब्याबरोबर घरून सामान आणून त्यांनी पुठ्ठ्याच्या चौकटीत कागद ताणून बसवला आणि चौकट टेबलाच्या कडेबाहेर काढून ठेवली. वरून टेबलाचा दिवा. खालून, लांब वायरीच्या होल्डरला लावलेला घरचा बल्ब घेऊन इंजिन टेबलाखाली शिरला. बल्ब दूर नेला की डाग काळसर दिसे, जवळ आणला की उजळ. पण नाहीसा काही होईना. मध्येच निळसर व्हायचा आणि तसाच राहायचा.

"झालं, फसलं," इंजिन खालून कण्हला. "माझी मानही गेली."

ठिपकी त्या निळसर डागाकडे पाहत राहिली. मग तिनं मान वर करून टेबलावरच्या दिव्याकडे पाहिलं. त्याचा उजेड पिवळट होता. "रंग जुळत नाहीयेत!" ती म्हणाली. "आपला बल्ब निळसर आहे. डाग जाणार कसा?"

आत्यानं सामानाच्या खोलीतून टेबलाच्या दिव्यासारखाच पिवळट, पण छोटा बल्ब आणून दिला. आता जुन्या हॉलमध्ये बल्ब कागदापासून वीस सेंटिमीटरवर आला आणि डाग कागदात विरून गेला. नव्या हॉलमध्ये तो विरला छत्तीस सेंटिमीटरवर. तीनदा टेपनं मोजलं; तेच आकडे.

भिंगनं हिशेब मांडला. अंतर दुप्पट झालं, की उजेड चौथाई उरतो. छत्तीसवर आलेल्या बल्बचा उजेड वीसवरच्या बल्बच्या एक तृतीयांशाहूनही कमी. म्हणजे जुन्या हॉलच्या टेबलाच्या मानानं आत्याच्या टेबलावर तेवढाच उजेड पडत होता!

सुपरवायझर चहा पीत आले आणि हा पसारा पाहून वैतागले. आंधळ्यालासुद्धा कळेल की हा हॉल जास्त उजेडाचा आहे, असं ते म्हणाले. ठिपकी मात्र बाजूला झाली नाही.

"काका, हॉल उजळ आहे, कापड नाही," ती म्हणाली. "तुम्हीच डाग बघा. नाहीसा झाला की इंजिनला थांब म्हणा. टेपही तुम्हीच धरा."

त्यांनी कप खाली ठेवला, वाकले, थांब म्हणाले. मग जुन्या हॉलमध्ये जाऊन तेच केलं. टेपवरचा आकडा ते बराच वेळ पाहत राहिले. शेवटी त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याला आठवायला वेळ लागला नाही. रंगाऱ्यांची उभं राहायची लाकडी घोडी टेबलावरून जावी म्हणून त्यानं तो दिवा वर ओढून बांधला होता. काम संपल्यावर खाली घ्यायचा राहूनच गेला. एवढा लख्ख हॉल पाहून कुणाला शंकाही आली नव्हती. सुपरवायझरांनीही न तपासताच काम पूर्ण झाल्याची सही केली होती.

दिवा जुन्या उंचीवर आला. आत्या टेबलाशी बसली आणि पास झालेला एक तागा तिनं पुढ्यात ओढला. कापड सरकू लागलं. दोन हात कापड गेलं असेल नसेल, तिचं बोट टेकलं. "गाठ." थोडं पुढं पुन्हा टेकलं. "तुटका धागा."

सुपरवायझरांनी सगळ्या कामगारांसमोर आत्याची माफी मागितली. आपण दिवा तपासायच्या आधी माणसाला दोष दिला, हे त्यांनी आडपडदा न ठेवता कबूल केलं. मुलांकडे वळून त्यांनी विचारलं, गिरणीतली तपासणीची बाकीची चार टेबलंही उद्या मोजून द्याल का? तिथल्या बायकाही डोकं दुखतं म्हणत होत्या आणि त्यांनी ते कानाआड केलं होतं.

"देऊ की," इंजिन म्हणाला. "पण टेबलाखाली उद्या भिंग जाईल."

सगळे हसले. आत्या मात्र हसली नाही. तिनं ठिपकीला जवळ घेतलं.

"डॉक्टर सांगत होते, तरी मला वाटायला लागलं होतं, की माझीच नजर गेली," ती म्हणाली. "तुम्हाला नाही वाटलं गं."