रोमन बायकांचं कुंकू

“यांना कुंकू कुणी लावलं?”

पडद्यावर दाखवायच्या काचेच्या चित्रपट्ट्यांचा खोका काउंटरवर आपटून तो ओरडला.

“मी,” मी म्हटलं. “आणि काच फुटली तर ती नाही मी भरून देणार.”

चामराजपेटेत नरसिंहराव अण्णांच्या स्टुडिओत मी काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग भरायची. बाईचा चेहरा आला की ब्रश आधी कपाळाकडे जायचा. गिऱ्हाइकं तेच मागत. हा प्राणेश, धारवाडहून आलेला, कॉलेजात इतिहास शिकवणारा. इटलीत राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घराच्या भिंतीवरची चित्रं त्यानं रंगवायला टाकली होती. सोबत एक यादी. त्यात ‘भिंत लाल’ एवढं होतं, कपाळाबद्दल अक्षर नव्हतं.

“अहो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन बायका आहेत या!”

“त्यांना काय नवरे नव्हते?”

त्याच्या ओठाचा कोपरा हलला… हसू दाबलं मेल्यानं. मला आणखीच राग आला.

“शनिवारी व्याख्यान आहे माझं.”

“मग स्वल्प बसा. पुसते.”

बसला. मी ओल्या कापसानं एकेक कपाळ पुसू लागले. ही घाबरून पळतेय, हिनं दुसरीच्या मांडीत डोकं खुपसलंय, हिच्या पाठीवर चाबूक…

“हे चाललंय काय?”

“गुप्त विधी.” त्याचा आवाज उतरला. “बहुधा लग्नाआधीचा. आत काय व्हायचं ते यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.”

“आणि तुम्ही शनिवारी माइकवरून सांगणार!”

“तुम्ही सगळ्यांशीच भांडता?”

“माणूस बघून.”

यादीत सातव्या चित्रापुढे लिहिलं होतं — कापडानं झाकलेली दागिन्यांची पेटी. मी कापूस खाली ठेवला.

“पेटी कसली? सूप आहे हे! एक बाजू उथळ, उघडी… दिसत नाही? गौरीला आपण मोरद बागिन, सुपातलं वाण, देतो ना, सुपावर सूप, वरून पदर — तसं झाकलंय.”

तो चित्राकडे बघत राहिला. मग माझ्याकडे… बराच वेळ. हातातल्या पट्टीवरचं पाणी वाळून गेलं.

शनिवारी मी शेवटच्या रांगेत बसले. अंधारात पडद्यावर माझी लाल भिंत उजळली. सातवं चित्र आलं.

“ही पेटी नव्हे, सूप आहे,” तो म्हणाला. “हे परवाच माझ्या लक्षात आलं.”

माझ्या! टाळ्या पडल्या. दिवे लागायच्या आत मी बाहेर पडले. घरापर्यंतची सगळी वाट मी दातओठ खात चालले.

गौरीच्या दिवशी तो स्टुडिओत उभा. बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी, हातात टाइप केलेला कागद.

“व्याख्यान छापून येतंय. हे वाचा.”

सातव्या चित्राखाली माझं नाव होतं — हे सूप आहे, हे प्रथम वसुमती शेषगिरी यांनी ओळखलं.

“सभेत जीभ गळून पडली होती?”

“तुमचं नाव उच्चारताना आवाज कापला असता… सगळ्यांना कळलं असतं.”

“काय कळलं असतं?”

उत्तरादाखल त्यानं गुंडाळी सोडली. दोन सुपं, एकावर एक. आत बांगड्या, हळद, डाळ, तांदूळ. माझं टाळकंच सरकलं.

“हे कुणी सुचवलं?”

“तुम्हीच म्हणालात… गौरीला…”

“अहो, गौरीचं बागिन लग्न झालेलीला माहेरून येतं! भाऊ घेऊन येतो! तुम्ही माझे भाऊ आहात?”

“छे! अजिबात नाही!”

हे इतक्या मोठ्यांदा की डार्करूमचा पडदा सारून अण्णांनी डोकं बाहेर काढलं.

“मग कोण?”

त्याचे कान मी रंगवलेल्या भिंतीसारखे लाल झाले.

“ते… अजून व्हायचंय. तुमची हरकत नसेल तर.”

मी सुपं माझ्याकडे ओढली. राग गेला नव्हता, हे सांगून ठेवते.

“सरी, ठीक आहे. सूप राहू दे,” मी म्हटलं. “भाऊ तेवढा परत न्या.”