एक हिसका द्यायचा राहिला

वीज गेली होती, म्हणून मामा सांगायला बसला. एरवी आम्हा पोरांना त्याच्याकडून नुसता उपदेश मिळतो. "कॉलेज सोडलंस, आता ऐकून तरी घे," हे मला आधी झालंच.

"शेजारच्या गवंड्याच्या बायकोने मला पाठवलं. म्हणाली, भाऊजी, ह्यांना घेऊन या, जेवण निवलंय. अमावस्येनंतरची दुसरी रात्र. वारा पडलेला, पाणी गढूळ, ओहोटी संपत आलेली. मासा लागायची हीच वेळ. गवंडी गळाची काठी धरून उभा."

मग मामाने मागचं सांगितलं. किनाऱ्यालगत खळगा, त्यापुढे वाळूचा उंचवटा. मोठा मासा त्याच्या पलीकडे, तिथवर फेकलेला गळ पोचत नाही. म्हणून ओहोटीला गवंड्याचा मुलगा गळ हातात घेऊन खळगा ओलांडायचा, पलीकडे सोडायचा आणि दोर लाटांच्या वर धरून उभा राहायचा. विजेरी नाही, उजेडाने मासा पळतो. बोलणं दोरावरून. मुलाचे दोन हिसके : सोडला. बापाचा एक : परत ये. भरती आधी खळगा भरते, म्हणजे उंचवट्यावरच्या माणसाच्या पाठीमागून. तेव्हा वेळेवर खेचणं बापाचं काम.

"मी खेचल्याशिवाय हलायचं नाही, असं बजावलेलं."

बापांना बजावायला फार आवडतं.

गवंड्याचा मुलगा तिथेच बुडाला, एवढं आम्हाला ठाऊक होतं. "मग खेचलं का नाही?" मी विचारलं.

"त्याच्या आदल्या वर्षी एका रात्री दुसऱ्या काठीला मासा लागला. मोठा. त्याच्याशीच झुंजत बसला. भान आलं तेव्हा खळगा भरलेला..."

"म्हणजे माशापायी पोरगं घालवलं."

"तोंड आवर," मामा म्हणाला. पण 'नाही' म्हणाला नाही.

"तेव्हापासून तो आमिष न लावताच गळ टाकायचा. मी बोलवायला गेलो त्या रात्री म्हटलं, दादा, चला, वहिनी वाट बघतायत. म्हणाला, थांब.

दोर ताणला.

एक हिसका. मग दुसरा.

'खेकडा असेल,' मी म्हटलं.

'पोराचा हात मला कळत नाही?'

रडत होता. आवाज नाही. मग त्याने... एकदाच खेचलं. हळू. झोपलेल्याला उठवावं तसं.

दोर सैल पडला. तो गुंडाळत गेला. दोर सैलच. कुणी धरून चालत यावं तसा.

'ये,' म्हणाला. 'ये बाळा... ये.'

पाण्यात कुणी नव्हतं.

मी डोळे मिटले."

धाकट्या बहिणीने विचारलं, "आला?"

"दोराचं टोक हाती आलं. नुसतंच. गळ नाही, शिशाचं वजन नाही. तुटलेलं नव्हतं, गाठ सोडवलेली. मी त्याला घरी नेलं. वाटभर काठी दोन्ही मुठींत आवळलेली. दारात वहिनींनी त्याचं एकेक बोट उलगडलं.

दोन मुठींच्या मधे, काठीला गुंडाळलेल्या बुचात, गळ टोचून ठेवला होता. काम आटोपलं की ठेवतात तसा... ओला."