जासुदाची साक्ष

खैरगडाच्या पूर्वकड्यावर तांबडे फुटले, तेव्हा ज्या चोरदिंडीतून गनीम आत शिरला होता तिच्या उंबऱ्यावरचे रक्त अजून पुरते धुतले गेले नव्हते. गनीम हटला, गड राहिला; पण निम्मी शिबंदी कामास आली, आणि दिंडी कोणी उघडी ठेवली याचा निवाडा करण्यास हुजुरातून चिंतोपंत न्यायाधीश गडावर आले होते.

दिंडीचे हवालदार रायाजी भालके बेड्या घालून सदरेसमोर उभे होते. किल्लेदारांच्या तोंडी हुकुमाने आपण दिंडी उघडली, एवढेच ते सांगत. "आम्ही असा हुकूम दिला नाही," किल्लेदार हिरोजीराव दरेकर शांतपणे म्हणाले. हुकूम पोहोचवणारा जासूद म्हाळू तेवढा साक्षीला होता. रायाजींचा जीव त्याच्या जिभेवर टांगला होता.

म्हाळूने शपथेचा बेलभंडार उचलला. "किल्लेदार बोलले, 'रायाजी, आज... आज रसद येते आहे. दिंडी उघडी ठेवा. मशाल नको.'"

पंतांनी उलटे विचारले, मध्येच तोडले, धमकावले, उन्हात उभे करून पुन्हा विचारले. शब्द तेच आले, आणि थांबणेही तेच.

पंतांची उभी हयात साक्षी ऐकण्यात गेली होती. खरे सांगणारा अडखळतो, मागचे पुढे करतो, आठवून दुरुस्त करतो. पाठ केलेले खोटे मात्र दर वेळी तसेच्या तसे येते, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती. तिने त्यांना कधी दगा दिला नव्हता. निदान त्यांना तसे कळले नव्हते.

"म्हाळू, तुझ्या शब्दांत सांग."

"त्यात माजा शबुद न्हाई, सरकार."

"पढवलेला पोपट आहे हा," पंत सदरेला म्हणाले, आणि त्यांनी रायाजींचा कडेलोट फर्मावला.

रायाजींनी ओढून नेण्यासाठी दोर लावू दिला नाही. जाता जाता ते म्हाळूपाशी थांबले. "तुझं काही चुकलं नाही, गड्या," म्हणाले, आणि आपल्या पायांनी कड्याकडे चालत गेले.

निवाडा हुजुरास कळवायचा होता. वाटेवर गनिमाच्या चौक्या, कागद सापडला तर घात. म्हणून निरोप तोंडी, आणि गडावर जासूद एकच उरलेला. खोट्या साक्षीची शिक्षा त्याला परतल्यावर व्हायची होती. तो परतेल याबद्दल मात्र कोणाला शंका नव्हती.

पंतांनी निरोप सांगितला. "म्हणून दाखव."

"'हुजुरास विज्ञापना. रायाजी भालके... फितूर ठरले. कडेलोट केला. गड निर्धास्त आहे.'"

'फितूर' म्हणण्याआधी पंत स्वतः अडखळले होते. म्हाळू नेमका तिथेच थांबला, तेवढाच. पंतांनी पुन्हा म्हणवले. पुन्हा तेच, तसेच. साक्षीतले ते 'आज... आज' त्यांना आठवले; ते अडखळणे म्हाळूचे नव्हते. त्यांनी हिरोजीरावांकडे पाहिले. हिरोजीराव आपल्या जोड्यांकडे पाहत होते.

"यातला एखादा शब्द बदलला तर?" पंतांनी हळूच विचारले.

"तुमी बदला, सरकार. मला येत न्हाई."

निवाडा फिरवला असता, तरी मेलेल्याला जिवंत करता आले नसते आणि जिवंत किल्लेदाराला हात लावायची त्यांची छाती नव्हती. खाली दरीवर घारी घिरट्या घालू लागल्या होत्या.

"नीघ," ते म्हणाले.

म्हाळूने मुजरा केला, आणि रायाजींना फितूर म्हणणारे शब्द, एकही न सांडता, तोंडात घोळवत तो गड उतरू लागला.