मालकाला मनाई

बारामती एमआयडीसीतल्या पशुखाद्याच्या कारखान्यातून फोन आला, तेव्हा अंजलीबाई इंदापुरात कॉम्प्युटरचा क्लास घेत होत्या. एसटीनं त्या पोचेपर्यंत वजनकाट्यापुढं ट्रकांची रांग लागली होती.

साल शहाण्णव. काट्याच्या पावत्यांचं नवं पॅकेज युनिक्सच्या मशीनवर चढवायचं होतं. फ्लॉपी घालायची, हुकूम टाइप करायचा, झालं. पण मशीन हटून बसलं होतं. परवानगी नाही, हे फक्त रूट करू शकतो. रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, त्याला सगळी दारं उघडी.

मालक बापूसाहेबांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. ऑपरेटर साक्षी, डाळजची. मशीन हिनंच बिघडवलं म्हणत गेटवर साऱ्या ड्रायव्हरांदेखत तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. घरात कमावती ती एकटीच.

"तू काही बदललंस?" अंजलीबाईंनी विचारलं.

"न्हाय ताई. मला मशीनची साधी तारीख बदलायची मुभा न्हाय."

"सर्वाधिकाराचा पासवर्ड कुणाकडं?"

"साहेबांकडं. आदी माझ्या अगुदरच्या ऑपरेटरकडं, सूरजकडं बी हुता, पर तो गणपतीतच काम सोडून सोमेश्वरनगरला गेला. पुढं घट बसले तवा प्रिंटरचं पॅकेज साहेबांनीच चढवलं. तवा काय अडलं न्हाय."

बापूसाहेब पासवर्ड टाकून केबिनमध्ये निघून गेले. अंजलीबाईंनी आधी फ्लॉपीवर संशय घेतला. दुसरी घातली, तेच उत्तर. मग फोल्डरांच्या परवानग्या तपासल्या, एकेक सैल करून पाहिल्या. तेच. बाहेर हॉर्न वाजत होते, चहावर साय धरली होती, आणि मशीन आडमुठ्या तलाठ्यासारखं एकच वाक्य घोकत होतं. वाचून वाचून शिकलेली विद्या आज पार पालथी पडली, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

तेवढ्यात स्क्रीनवर एक ओळ उमटली. केबिनमधून सगळ्या टर्मिनलांना सूचना: 'बापूसाहेब यांच्याकडून: काम झाले का?'

साक्षी ओठातल्या ओठात हसली. पूर्वी साहेबांच्या अशा सूचना रूटच्या नावानं यायच्या, ती म्हणाली. काट्याच्या खिडकीतून ड्रायव्हर ते वाचायचे. दसऱ्याला बिरदेव ड्रायव्हर आपट्याची पानं घेऊन आला आणि बापूसाहेबांनाच विचारू लागला, रूटसाहेब कुठं बसत्यात, त्यांना सोनं द्यायचं हाय.

अंजलीबाई खुर्चीत सरळ झाल्या. त्यांनी बापूसाहेबांना बोलावून त्यांच्याच नावानं मशीन पुन्हा उघडायला लावलं.

"आता साक्षीची ही रद्दी फाइल पुसा."

फाइल मुकाट पुसली गेली.

"आता पॅकेज चढवा."

परवानगी नाही.

"बघा," अंजलीबाई म्हणाल्या. "मशीन माणसाला नंबरानं ओळखतं. शून्य नंबर म्हणजे सर्वाधिकारी. तुमचा नंबर शून्य, म्हणून दुसऱ्याची फाइलही पुसली गेली. पण पॅकेज चढवणारा हुकूम दारात नाव विचारतो, आणि रूट नावाचं इथं कुणी उरलंच नाही. कुणीतरी ते खोडून तिथं दुसरं नाव लिहिलंय."

"मग हिनंच लिहिलं असंल."

"ते खोडायलाच आधी सर्वाधिकार लागतो. तो हिच्याकडं नव्हता. सूरजकडं होता, पण तो गेल्यावरही घट बसताना पॅकेज चढलं. म्हणजे खोडाखोड त्यानंतरची. तेव्हा पासवर्ड एकट्या तुमच्याकडं होता बापूसाहेब, आणि त्या जागी नावही तुमचंच आहे. दसऱ्याचं फार लागलं का मनाला?"

बापूसाहेबांनी कीबोर्ड बाजूला सारला.

"कारखाना उभा केला आमी," ते पुटपुटले, "आन् सोनं त्या रूटला. नुसतं नाव बदलल्यानं असं हुईल, असं न्हाय वाटलं."

अंजलीबाईंना त्यांची कीव आली. पण साक्षीकडं नजर गेली आणि ती कीव तिथंच आटली. त्यांनी रूटचं नाव जागेवर आणलं, पुन्हा हुकूम दिला. पॅकेज सुरळीत चढलं.

"बस बाई," बापूसाहेब साक्षीला म्हणाले. "ट्रक खोळंबल्यात. उद्या बी ये. चूक माझी हुती."

साक्षी उभीच राहिली.

"हितं न्हाय साहेब. जितं हाकललं तितं सांगा."

बापूसाहेबांनी अंजलीबाईंकडं पाहिलं. त्या थंड चहावरची साय काढत होत्या. मग ते उठले, चपला घातल्या आणि गेटकडं चालू लागले. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते. एकेका ट्रकचं इंजिन मात्र बंद होत गेलं, ड्रायव्हर खाली उतरून ऐकू लागले.

तेव्हा साक्षीनं खुर्ची पुढं ओढली.